एर्मीत संन्यासी नव्हता

रविवार पेठ, पुणे २
२२ जून १९६९

आदरणीय बाईंस,
रझियाचा आदाब आणि नमस्कार.

तुम्ही इंदूरला भावाकडे सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. ‘इथे सगळे गोड बोलतात, त्यामुळे चुकल्याचुकल्यासारखं होतं’ हे तुमचं वाक्य अब्बांनी दुकानात दोनदा वाचून घेतलं आणि अत्तराच्या बाटल्या हलतील इतके हसले.

आता कामाचं. शाळेतून निवृत्त होऊन जाताना परिभाषा मंडळातलं तुमचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत. शास्त्रज्ञांच्या आडनावांवरून इंग्रजीत जी विशेषणं झाली, न्यूटनचं न्यूटोनियन, गाउसचं गाउसियन, त्यांना मराठी शब्द द्यायचे आणि प्रत्येकाखाली तो माणूस कोण, त्याचं नाव त्या शब्दाला कसं चिकटलं हे दहाबारा ओळींत लिहायचं. कॉलेजातले तास संपवून मी रोज तेच करते. फार आनंदाचं काम आहे.

पण मंडळावर नवे अध्यक्ष आलेत, प्राचार्य यज्ञेश्वर खांबेटे. काल शनिवार पेठेतल्या कचेरीत त्यांची पहिली सभा झाली. म्हणाले, “परक्यांची आडनावं मराठीच्या गळ्यात कशाला बांधायची? अर्थ घ्या, नाव टाका.” त्यांनी स्वतः काही शब्द पाडून आणले होते. न्यूटोनियनला ‘गतिनियमबद्ध’. आणि हर्मिशियनला, बाई, ‘यतिरूप’!

मी विचारलं, “सर, यात यती कुठून आला?”

“हर्मिट म्हणजे संन्यासी. साधा इंग्रजी शब्द आहे, रझियाबाई.”

“पण हा शार्ल एर्मीत आहे सर, फ्रेंच गणिती. तो संन्यासी नव्हता. त्याला बायको होती, दोन मुली होत्या.”

 सगळे सभासद समोरच्या बशीतल्या भज्यांकडे बघत राहिले. मग सर ‘अल्गोरिदमिक’वर आले. हा शब्द काढाच म्हणाले, कारण तो ज्याच्या नावावरून आला त्या अरबीत लिहिणाऱ्या जुन्या गणितीचं अल्-ख्वारिज्मी हे आडनावच नव्हे. मी म्हटलं, “ख्वारिज्मचा राहणारा तो अल्-ख्वारिज्मी. आपल्याकडे साताऱ्याचा सातारकर होतो, तसंच.” त्यावर ते हसून म्हणाले, “त्या शब्दाबद्दलचा तुमचा जिव्हाळा मी समजू शकतो.” इतकं मऊ बोलले की चिमटा घरी आल्यावर दुखायला लागला.

मी सगळ्यांदेखत सांगून आले आहे, नावं मी काढणार नाही.

तुमची
रझिया


इंदूर
३ जुलै १९६९

चि. रझियास अनेक आशीर्वाद.

यतिरूप वाचून मी आणि वहिनी पुष्कळ हसलो. वहिनीला गणित येत नाही, पण बायको-मुली असलेला संन्यासी तिला पटकन कळला.

हसून झाल्यावर सांगते ते ऐक. तोंड बंद ठेव. खांबेटे गेले की दुसरे येतील, त्यांच्याशी दुसरा वाद घालायचा आहे. आत्ताच दमू नकोस. मार्चमध्ये तुला कॉलेजात कायम करायचं आहे. तुमचे प्राचार्य आणि खांबेटे रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जातात, हे तुला ठाऊक नसेल तर आता झालं. लेख पुरे कर. मान हलव आणि लिही.

आबेलच्या लेखात एक विसरू नकोस. इंग्रजीत ‘आबेलियन’चा पहिला ए लहान लिपीत लिहितात. सव्विसाव्या वर्षी क्षयाने गेलेला नॉर्वेचा मुलगा. बर्लिनच्या नोकरीचं पत्र निघालं तेव्हा तो गेलेला होता. आज त्याचं नाव इतकं रोजच्या वापरातलं झालंय की लोक ते नाव आहे हेच विसरलेत. याहून मोठा मान मला माहीत नाही.

शुभचिंतक
मंदाकिनी आगाशे


पुणे २
१८ सप्टेंबर १९६९

आदरणीय बाईंस आदाब आणि नमस्कार.

उशिराबद्दल माफ करा. सगळं ठीक आहे. कचेरीत फार गलका असतो म्हणून हल्ली मी घरीच लिहिते. अम्मीने माळ्याजवळची जागा रिकामी करून दिली आहे.

ब्राऊन झाला, बूल झाला, मेंडेल झाला. मग ‘बोसॉनिक’वाल्या बोसांवर लिहिलं. इतर सगळे केव्हाच गेलेले, आणि हे आत्ता कलकत्त्यात चहा पीत असतील; आणि जगभरचे लोक त्यांच्या नावाचं विशेषण लहान अक्षरात लिहितात.

पण सगळ्यांत जास्त दिवस मी एमी नोएथरपाशी बसले. बाई, तुम्ही वर्गात तिचं नाव सांगितलं होतं, पण हे सांगितलं नव्हतं की जर्मनीत ती पहिली कित्येक वर्षं पगाराशिवाय शिकवत होती, आणि तिच्या तासांची पाटी दुसऱ्याच्या नावाने लागत असे. फळ्यापुढे उभी ती, पाटीवर नाव प्राध्यापकांचं. आज नोएथेरियन हा शब्द तिच्या नावाचा आहे. तिच्या सगळ्या विरोधकांच्या नावाचं मिळून एक क्रियाविशेषणसुद्धा नाही.

तुमची तब्येत कळवा.

रझिया


इंदूर
२ ऑक्टोबर १९६९

चि. रझियास आशीर्वाद.

तब्येत उत्तम आहे. तू खोटं बोलते आहेस.

आज टपालाने मंडळाची छापील जाहिरात आली. ‘विज्ञान परिभाषा कोश, लवकरच प्रसिद्ध होत आहे. शास्त्रज्ञांच्या नावांवरून आलेल्या शब्दांचे रंजक लेखांसह विवेचन. संपादक व लेखक : प्रा. यज्ञेश्वर खांबेटे.’ पान उलटसुलट केलं. उजेडापुढे धरून बघितलं. तुझं नाव कुठेही नाही.

जूनमध्ये नावं नकोत म्हणणारा माणूस सप्टेंबरात त्यांच्यावर रंजक लेख कसा लिहितो? आणि कचेरीत गलका कसला? त्या कचेरीत मी बारा वर्षं बसले. तिथे पंखासुद्धा परवानगी घेऊन आवाज करतो.

काय झालं ते सगळं लिही. मला वाईट वाटेल की नाही याचा विचार तू करू नकोस, तो माझा विषय आहे.

मंदाकिनी आगाशे


पुणे २
९ ऑक्टोबर १९६९

बाई,

तुम्ही तोंड बंद ठेव म्हणालात. मला जमलं नाही, आणि ते तुम्हाला कळवायची लाज वाटली. एवढंच लपवलं.

ऑगस्टमध्ये दिल्लीहून सरकारच्या परिभाषा-तज्ज्ञांचं कळवणं आलं की माणसांच्या नावांवरून झालेल्या शब्दांत ती नावं ठेवायचीच. मला वाटलं, जिंकलो. सभा संपल्यावर सरांनी मला थांबवून घेतलं.

“छान झालं,” म्हणाले. “आता तुमचे लेख माझ्याकडे द्या. मी ते माझ्या भाषेत बसवून घेतो. तुम्हाला यापुढे यायची तसदी नको.”

“लेखांखाली माझं नाव येईल ना, सर?”

“विज्ञानात व्यक्ती गौण असते, रझियाबाई.”

“आणि मुखपृष्ठावर?”

“संपादकाचं नाव लागतंच. तशी पद्धत आहे.”

मी टेबलावरचे माझे कागद उचलले, पिशवीत घातले आणि जिना उतरले. मागून त्यांनी हाक मारली. मी थांबले नाही. मोठ्या माणसाच्या हाकेला न थांबण्याची ही माझी पहिलीच वेळ. 

त्यानंतर आमच्या प्राचार्यांनी बोलावलं. “कशाला ताणताय? मार्च जवळ आलाय. देऊन टाका कागद.” मी म्हटलं, विचार करते. विचार केला. देणार नाही.

अम्मी रडली. म्हणाली, आपल्या घरातली पहिली शिकलेली मुलगी, मिळालेली जागा कशाला घालवतेस. रात्री अब्बांनी दुकानाचा हिशेब मिटवला. मग म्हणाले, “लिहिलंस तू, नाव तुझं, भांडणही तुझंच. मी फक्त दुकान लवकर बंद करून तुला न्यायला येत जाईन.”

६ डिसेंबरला सभा आहे. मला बोलावणं नाही. मी जाणार आहे. बाई, हा सल्ला विचारत नाही, कळवते आहे.

रझिया


इंदूर
१६ ऑक्टोबर १९६९

प्रा. यज्ञेश्वर खांबेटे यांस,
सा. न. वि. वि.

आपली जाहिरात पोचली. कागद चांगला वापरला आहे.

मजकुरात एक चूक राहिली. ‘लेखक’ या शब्दापुढे आपलं नाव पडलं आहे. ही खिळे जुळवणाऱ्याची नजरचूक असावी असं धरून चालते. दुसरं काही धरलं तर या पत्राची भाषा बदलावी लागेल. ते लेख रझिया अत्तार हिने लिहिले आहेत. त्यांतले अर्धे तिने मला टपालाने पाठवून तपासून घेतले. आपण एर्मीतला संन्यास दिलात तेव्हा तो संसारी असल्याचं आपल्याला तिनेच सांगितलं.

विज्ञानात व्यक्ती गौण असते असं आपण म्हणता असं कळलं. विचार उदात्त आहे. सुरुवात स्वतःपासून करावी.

डिसेंबरच्या सभेला मी येत आहे. माझी खुर्ची खिडकीजवळची. ती कोणाला दिली असल्यास हरकत नाही. मी बसायला येत नाही.

कळावे,
मंदाकिनी आगाशे


पुणे २
२५ ऑक्टोबर १९६९

श्रीमती मंदाकिनी आगाशे यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. आपण मंडळाचा राजीनामा दिलेला असल्याने सभेस उपस्थित राहण्याचा अधिकार आपणांस नाही. श्रीमती अत्तार या मंडळाच्या साहाय्यक होत्या. साहाय्यकाने केलेले काम हे मंडळाचे काम होय. प्रसिद्धीची अशी हाव शास्त्राच्या अभ्यासकास शोभत नाही. शिवाय विशिष्ट नोंदीविषयी त्यांनी धरलेल्या आग्रहामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल काही सभासदांच्या मनात प्रश्न निर्माण झाला आहे, हे नाइलाजाने नमूद करतो.

आपला,
य. खांबेटे


इंदूर
१ डिसेंबर १९६९

चि. रझियास,

मी हेमा, बाईंची वहिनी. पुण्याला निघायची तयारी करताना वन्सं ट्रंक काढायला स्टुलावर चढल्या आणि पडल्या. पायाचं हाड मोडलं आहे. प्लास्टर घातलंय. तरी रिझर्व्हेशन रद्द करू देत नव्हत्या. शेवटी मीच तिकीट लपवलं. खालचं त्या स्वतः लिहिताहेत.

रझिया, खांबेट्यांचं उत्तर सोबत आहे. तिसऱ्या वाक्यावर चिडू नकोस, शेवटच्यावर चीड. आणि चिडलीस तरी आवाज चढवू नकोस, सावकाश बोल. तू एकटी पुरेशी आहेस. मी तशी उगाचच येत होते. — मं.


पुणे २
८ डिसेंबर १९६९

आदरणीय बाईंस आदाब आणि नमस्कार.

पाय हलवू नका. वहिनींना माझा सलाम सांगा, तिकीट लपवल्याबद्दल.

मी गेले. दारात शिपायाने अडवलं. मी म्हटलं, “कागद द्यायला आलेय की परत न्यायला, ते आत ठरेल.” त्याला काही कळलं नाही, मलाही नाही, पण त्याने वाट दिली.

सर म्हणाले, “ही सभा सभासदांची आहे.”

“हो सर. मी सभासद नाही. मी लेखक आहे. तुम्ही जाहिरात केलेले लेख या पिशवीत आहेत, म्हणून मला वाटलं सभेला त्यांची गरज असेल.”

डॉ. बाळ घैसास, तेच आपले वयस्कर रसायनवाले, म्हणाले, “बोलू द्या हो तिला.”

मी नोएथरचा लेख काढला आणि उभ्याने वाचला. पाटी दुसऱ्याच्या नावाची, या वाक्यापाशी तुमचं ‘सावकाश’ आठवलं. वाचून झाल्यावर म्हटलं, “मला मानधन नको, संपादकपद नको. प्रत्येक लेखाखाली बारीक टायपात र. अ. एवढी दोन अक्षरं छापा, मी पिशवी इथेच ठेवून जाते.”

सर म्हणाले, “आज तुम्ही अक्षरं मागता, उद्या सगळेच मागतील.”

“द्यावीत. ज्यांनी लिहिलं त्यांची.”

“आणि तो अरबी शब्द?”

“राहील. सर, तुमच्या पत्रातलं वाक्य मी वाचलं. आयझॅक न्यूटनवर मी सगळ्यांत लांब लेख लिहिलाय, तेव्हा मी इंग्रजांची आहे का, हे कोणी विचारलं नाही. आबेलवर लिहिताना मी नॉर्वेची आहे का, हेही नाही. एकाच माणसाच्या वेळी माझी चौकशी झाली. तो प्रश्न माझ्या निःपक्षपातीपणाचा नाही, तुमच्या आहे.”

असं मी बोलले, बाई. आवाज न चढवता. 

मग मतं घेतली. माझी दोन अक्षरं छापावीत यासाठी एकही हात वर झाला नाही. घैसासांचाही नाही. ठरलं की कोशात नुसती विशेषणं छापायची, लेख गाळायचे.

मी विचारलं, “म्हणजे शब्दांखाली काय येणार?”

“काही नाही. जागा कोरी.”

“उत्तम,” म्हटलं. “कोरी जागा खोटं तरी बोलत नाही.”

पिशवी उचलून निघाले. जिन्यात घैसास मागून आले. म्हणाले, “मी मत द्यायला हवं होतं. पण वय झालं आता, गुडघे दुखतात.”

मी म्हटलं, “सर, हात मागितला होता.”

खाली अब्बा उभे होते. पिशवी माझ्या हातून घेतली आणि वजन करून बघितल्यासारखी जरा वर उचलली. “सगळं परत आणलंस?” “सगळं.” “बरं झालं,” म्हणाले. घरी पोचेपर्यंत मी रडले नाही. घरी मात्र खूप रडले, हे तुमच्यापासून आता लपवत नाही.

रझिया


इंदूर
१५ डिसेंबर १९६९

चि. रझियास,

तुला तोंड बंद ठेवायला सांगणारं माझं जुलैचं पत्र फाडून टाक.

मंदाकिनी आगाशे


पुणे २
१९ एप्रिल १९७०

आदरणीय बाईंस आदाब आणि नमस्कार.

चार महिने नुसती कार्डं टाकली, आता नीट लिहिते.

आमच्या कॉलेजच्या दाराशी सुविचाराचा फळा आहे, रोज कोणीतरी शिक्षक त्यावर लिहितो. जानेवारीत माझी पाळी आली. मी लिहिलं : ‘आबेलियन’, खाली त्याची गोष्ट, आणि शेवटी माझं पूर्ण नाव. दुसऱ्या दिवशी ज्यांची पाळी होती त्यांना सुचेना, म्हणून पुन्हा मी लिहिलं. मग रोजच. मुली डबे घेऊन फळ्यापुढे थांबायला लागल्या. ‘अल्गोरिदमिक’च्या दिवशी पिंपरीहून येणारी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे माझं चाकणकर हे आडनाव तसंच हाय की!”

प्राचार्यांनी बोलावलं. “फळ्यावर सुविचार लिहायचा असतो.”

“हे कुविचार आहेत का सर?”

“खाली नाव कशाला?”

“सुविचाराखालीही असतंच की. ते लोक गेलेले असतात, एवढाच फरक.”

मला फळ्याला हात लावायला बंदी झाली. दुसऱ्या सकाळी येऊन बघते तर फळ्यावर ‘बूलियन’ची गोष्ट, तीन वेगवेगळ्या मुलींच्या अक्षरांत, त्यांना वर्गात सांगितली होती तशीच्या तशी. खाली मोठ्या अक्षरात : रझिया अत्तार. मी खडूला शिवलेही नव्हते. प्राचार्य आले, वाचलं आणि पुसायला सांगितलं. शिपाई पुसत होता तेव्हा मुली बाजूला उभ्या राहून पाठ म्हणत होत्या. पुसणाऱ्यालाही हसू आलं.

मार्चमध्ये मला कायम केलं नाही. आणखी एक वर्ष तात्पुरती. आदेश हातात दिला तेव्हा प्राचार्यांना वाटलं मी काही बोलेन. मी सही केली आणि तासाला गेले. सोपं गेलं असं म्हणणार नाही. अम्मीला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. तिने ताट वाढलं आणि विचारलं, “त्या जर्मन बाईला तर पगारही नव्हता ना?” मी हो म्हटलं. “मग जेव,” म्हणाली.

आता खरी बातमी. फळ्यावर लिहिणाऱ्या मुलींपैकी एकीचे वडील, दत्तोबा, यांचा शनिवार पेठेत छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका आणि पंचांगं छापतात. ते स्वतः दुकानात आले. अब्बांना म्हणाले, “पोरगी रोज जेवताना एक शास्त्रज्ञ वाढते. पुस्तक करा, मी छापतो.” दिवाळीपर्यंत होईल. मुखपृष्ठावर दोन नावं येतील, तुमचं आणि माझं.

तुम्ही नको म्हणणार हे ठाऊक आहे. म्हणून छापखान्यात आधी सांगून ठेवलं आहे की इंदूरहून पत्र आल्यास उघडू नका.

रझिया


इंदूर
२२ नोव्हेंबर १९७०

चि. रझियास अनेक आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. छपाई स्वच्छ आहे, चाळीसाव्या पानावर एक वेलांटी उलटी आहे. माझं नाव छापलंस त्याबद्दल समोर आलीस की बोलेन. पत्रात ते सभ्य भाषेत बसत नाही.

पाय आता बरा आहे, काठी लागते. काल एक प्रत घेऊन इथल्या मराठी वाचनालयात गेले. ग्रंथपाल नवा मुलगा आहे, अदबीचा. त्याने प्रत कपाळाला लावली आणि कार्ड लिहायला घेतलं. मी चष्मा लावून वाचलं. ‘लेखक : श्री. र. श. अत्तार व इतर.’

मी म्हटलं, “श्री. खोडा.”

म्हणाला, “विज्ञानाचं पुस्तक आहे ना, मला वाटलं...”

“तुम्हाला काय वाटलं ते मला कळलं. खोडा. आणि आद्याक्षरं नकोत. पूर्ण नाव घाला.”

“कार्डावर जागा कमी असते हो आजी.”

“इतर काढा, जागा होईल.”

त्याने नवं कार्ड घेतलं. माझ्या मागे पेपर वाचायला आलेल्या म्हाताऱ्यांची रांग लागली होती. मी काठी टेकून जागची हलले नाही. रझिया झालं, शमशुद्दीन झालं. अत्तार लिहिताना तो थांबला, माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “आपल्या कोण लागतात या?”

मी म्हटलं, “माझी कोण लागते ते तुमच्या कार्डावर मावायचं नाही. पुस्तकाची कोण लागते तेवढं लिहा.”

मंदाकिनी आगाशे